जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनांसाठी गाडी कशी निवडावी : व्यापाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जुन्या वस्तूंच्या धंद्यात दुकानाइतकेच महत्त्व गाडीला आहे. गोव्यातून आणलेले शिसवी कपाट, कारैकुडीहून आलेली एनॅमलची भांडी, कोकणातल्या वाड्यातून निघालेले देवघर हे सगळे पुण्या-मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या प्रदर्शनात धड पोहोचले, तरच त्याला किंमत. गाडी निवडताना मात्र आपल्यापैकी बरेच जण किराणा किंवा भाजीपाला वाहणाऱ्यांसारखाच विचार करतात: किती टन बसेल, लिटरला किती पळेल, हप्ता किती पडेल. आपला माल तसा नसतो. तो वजनाला हलका आणि आकाराला अवजड असतो, शिवाय फुटला तर दुसरा मिळत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने टनांच्या मागे लागू नये. आतली मोकळी जागा, बंद बॉडी, कमी उंचीची फळी (माल ठेवायचा गाडीचा तळ) आणि मऊ स्प्रिंग या चार गोष्टी आधी पाहाव्यात आणि मगच किमतीकडे वळावे.

पहिली पायरी: गेल्या वर्षीचा माल कागदावर मांडा

गाड्यांच्या शोरूमला जाण्याआधी घरी बसून एक यादी करा. गेल्या वर्षी प्रदर्शनांना काय काय नेले, काय विकले गेले, काय परत आणले आणि तिथेच इतरांकडून काय विकत घेतले, हे सगळे तिच्यात येऊ द्या. शेवटचा रकाना बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी व्यापारी एकमेकांचा माल घेतात, त्यामुळे परतीची गाडी जातानापेक्षा रिकामी असेलच असे नाही. जाताना गाडी काठोकाठ भरली असेल, तर परतताना हाताशी आलेला चांगला सौदा सोडून यावे लागते.

यादीत स्टॉलचे सामानही लिहा. घडीची टेबले, टेबलावरची कापडे, काचेची शोकेस, दिवे, वायरचे बोर्ड, बिलबुके, खुर्च्या, चादरी आणि पॅकिंगच्या गोधड्या गाडीत बरीच जागा खातात. उघड्यावरच्या बाजारात मांडत असाल तर त्यात ताडपत्री आणि तंबूचे पाइप येतात. हे सामान प्रत्येक फेरीला जाणारच, म्हणून जागेचा हिशेब त्याच्यापासून सुरू करा.

यादी झाली की आपण कोणत्या प्रकारचे व्यापारी आहोत हे दिसू लागते. नाणी, टपाल तिकिटे, जुनी पोस्टकार्डे, घड्याळे, शाईची पेने असा माल असेल तर मालवाहू गाडी घेऊच नका. साधी घरची मोटार किंवा रेल्वे हेच चांगले. हातातल्या पेटीत लाखोंचा माल मावतो, आणि आपण व्यापारी आहोत हे कोणाला दिसत नाही हीच मोठी सुरक्षितता. तांब्या-पितळेची घंगाळे, बंब, समया, चिनी मातीच्या बरण्या, भिंतीवरची घड्याळे, ग्रामोफोन, फ्रेममधली चित्रे असा मिश्र माल असेल तर बंद व्हॅन. कपाटे, दिवाण, पाळणे, झोपाळे, आरामखुर्च्या असतील तर लहान ट्रक. आणि वाड्यांचे खांब, तुळया, चौकटीसकट दरवाजे हा मुख्य धंदा असेल, तर स्वतःची गाडी घेऊन पस्तावण्यापेक्षा त्या त्या वेळी भाड्याने मोठा टेम्पो करावा. दहा फुटांचा खांब वर्षातून चार वेळा न्यायचा म्हणून वर्षभर दहा फुटी गाडी पोसण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: टेप घेऊन मोजा

नेहमी नेता त्यापैकी सर्वांत लांब, सर्वांत रुंद आणि सर्वांत उंच वस्तू मोजून ठेवा. गोधडी आणि पुठ्ठा गुंडाळल्यावर प्रत्येक बाजूला दोन-तीन इंच वाढतात, तेही धरा. जुने सागवानी कपाट साधारण साडेसहा फुटांच्या आसपास असते आणि वरची नक्षीची कमान वेगळी निघते. निघत नसेल तर उंची त्या कमानीसकट धरायची.

शोरूममध्ये कंपनीच्या पत्रकातल्या आकड्यांवर विसंबू नका. पत्रकात फळीची लांबी-रुंदी दिलेली असते, पण आत चाकांवरचे उंचवटे असतात, आणि मागच्या दाराची चौकट आतल्या रुंदीपेक्षा लहान असते. आत चार फूट जागा आणि दारातून जेमतेम साडेतीन फूट, असे झाले तर ती जागा आपल्या उपयोगाची नाही. म्हणून पुठ्ठ्याचे मोठे तुकडे चिकटवून आपल्या सर्वांत मोठ्या वस्तूच्या मापाचा एक साचा करा आणि तो दारातून आत घालून पाहा. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल, वाटू द्या.

फळीची जमिनीपासूनची उंचीही मोजा. प्रदर्शनाच्या हॉलबाहेर हमाल मिळेलच याची खात्री नसते. शंभर किलोचे कपाट दोन माणसांनी मांडीच्या उंचीपर्यंत उचलणे जमते. कंबरेच्या वर उचलायचे म्हटले की चार माणसे लागतात किंवा उताराची फळी लावावी लागते. आपले वय, आपली पाठ आणि बरोबर येणारा मदतनीस यांचा विचार इथे प्रामाणिकपणे करा. मुंबईतल्या काही ठिकाणी सामानाची चढ-उतार माथाडी कामगारांकडूनच करून घ्यावी लागते, हे आयोजकांना आधी विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: स्प्रिंगचा विचार

या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण आपल्या धंद्यातली बहुतेक फूटतूट इथून होते.

मालवाहू गाड्यांना मागे पाट्यांचे स्प्रिंग (लीफ स्प्रिंग) असतात. पूर्ण भार घातल्यावर गाडी नीट चालावी अशा बेताने ते बनवलेले असतात. दीड टन वाहणाऱ्या पिकअपमध्ये तुम्ही तीनशे किलोचा माल ठेवलात तर ते पाटे दबतच नाहीत. प्रत्येक खड्डा सरळ फळीवर आणि फळीवरून वस्तूंवर येतो. दिव्यांच्या काचेच्या चिमण्या, बेल्जियन आरसे, झुंबरांचे लोलक, बरण्यांची झाकणे अशी जातात. गाडी जितकी ‘दणकट’, तितकी ती अर्धी रिकामी असताना आपल्या मालाला वाईट.

म्हणून हिशेब असा करा: तुमच्या नेहमीच्या फेरीचे वजन, स्टॉलच्या सामानासकट, गाडीच्या मान्य भाराच्या निम्म्यापेक्षा बरेच वर जायला हवे, पण पूर्ण भाराला भिडायला नको. फेरीचे वजन साडेतीनशे-चारशे किलो भरत असेल तर अर्ध्या टनाच्या आसपासची गाडी योग्य आणि दीड टनाची अयोग्य, मग ती कितीही स्वस्तात मिळत असो.

रिकामी गाडी चालवून यातले काहीच कळत नाही. चाचणीला जाताना आपल्या नेहमीच्या वजनाइतक्या सिमेंटच्या किंवा वाळूच्या गोण्या मागे ठेवू द्याव्यात अशी विनंती करा. एका खोक्यात कागदाविना चार-पाच काचेचे ग्लास ठेवा, खराब रस्त्यावरून ताशी तीस-चाळीसच्या वेगाने या आणि खोके उघडून पाहा. गतिरोधकावरून जाताना मागे बसलेल्या माणसाला काय जाणवते तेही विचारा. माणूस मागे बसवायचा तो मात्र शोरूमच्या आवारातच, कारण मालवाहू गाडीच्या मागे माणूस बसवून रस्त्याने जाणे कायद्यात बसत नाही.

चौथी पायरी: उघडी की बंद

माझे उत्तर बंद, आणि त्यात फारशी तडजोड नाही. ताडपत्री पाऊस अडवते, पण जूनमधल्या घाटातले उलटसुलट वारे आणि तिरपा पाऊस अडवत नाही. जुन्या लाकडाला पाणी लागले की वरचा पातळ थर सुटतो आणि सरस विरघळतो. कागदाची चित्रे तर एका थेंबानेही जातात. राजा रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातली रंगीत चित्रे आजही आपल्याकडे विकायला येतात. अशी चित्रे घेऊन पावसाळ्यात घाट चढताना वर नुसती ताडपत्री असणे मला पटत नाही.

शिवाय चोरी. ढाब्यावर जेवायला थांबलात तर उघड्या गाडीतला माल सगळ्यांना दिसतो. बंद गाडीत काय आहे ते कोणाला कळत नाही. याच कारणासाठी गाडीवर दुकानाचे नाव किंवा ‘अँटिक’ हा शब्द रंगवू नका. पांढरी, साधी, काहीही न लिहिलेली गाडी सर्वांत सुरक्षित.

बंद गाडीचा दोष म्हणजे उष्णता. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या खोलीत चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश मऊ पडते. त्याला बबल रॅप थेट गुंडाळलेले असेल तर बुडबुड्यांचे ठसे पॉलिशवर कायमचे उठतात. अशा लाकडावर आधी मऊ सुती कापड आणि मगच बाकीचे पॅकिंग. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच, त्या उन्हात वाकतात. म्हणून छतावर हवेसाठी झडप असलेली बॉडी घ्या किंवा बसवून घ्या, आणि छताला आतून उष्णतारोधक थर लावा.

कोणत्या गाड्या पाहाव्यात

मारुती इको कार्गो. मिश्र माल घेऊन फिरणाऱ्या एकट्या-दुकट्या व्यापाऱ्याला मी प्रथम हीच सुचवतो. लांबी ३,६७५ मिमी आणि रुंदी १,४७५ मिमी, म्हणजे पेठांच्या गल्लीत शिरते. मागे काचांऐवजी पत्रा, बाजूला सरकते दार, मागे वर उघडणारे दार, आणि फळी खाली. मागचे स्प्रिंग गुंडाळीचे (कॉइल) असल्याने काचेच्या मालाला ती पिकअपपेक्षा खूप मऊ आहे. भार साधारण अर्ध्या टनाचा. साडेसहा फुटी कपाट मात्र हिच्यात आडवे बसते की नाही हे पुठ्ठ्याच्या साच्यानेच ठरवा. उड्डाणपुलावर रिकामी पळताना जोराच्या वाऱ्यात ती हलते, तेव्हा वेग आवरता ठेवावा.

टाटा एस आणि मारुती सुपर कॅरी. टाटा एस, म्हणजेच छोटा हाथी, २००५ मध्ये आला आणि लहान व्यापाऱ्यांच्या वाहतुकीचे चित्रच बदलले. दोन्हींची फळी साधारण सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना थोडी कमी रुंद, भार पाऊण टनाच्या आसपास. लहान फर्निचरवाल्यांना हे माप नेमके बसते. एसला पुढेही पाट्यांचे स्प्रिंग असल्याने ती जास्त आदळते. सुपर कॅरी चालवायला मोटारीसारखी वाटते. दोन्ही उघड्या येतात, म्हणून वर कंटेनर बॉडी बसवण्याचा खर्च धरा. त्या बॉडीचे वजन मान्य भारातून वजा होते, हेही ध्यानात असू द्या.

टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त, महिंद्रा बोलेरो पिकअप. एक टनापासून पावणेदोन टनांपर्यंतच्या या गाड्या. दर फेरीला चार-पाच कपाटे नेणाऱ्यांसाठी, किंवा दोन व्यापारी मिळून गाडी घेत असतील तर. घाटात यांचे डिझेल इंजिन दमत नाही. बाकीच्यांनी वरचा स्प्रिंगचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

तीनचाकी मालवाहू रिक्षा शहरातल्या शहरात चालते, पण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर तीनचाकींना बंदी आहे, म्हणून प्रदर्शनांसाठी ती बाद. विजेवरची टाटा एस २०२२ मध्ये आली. गोदामातून हॉलपर्यंतच्या शहरी फेऱ्यांना ती उत्तम, पण पुण्याहून गोव्याला माल नेताना मला चार्जिंगची काळजी वाहायची नाही. सीएनजी घेणार असाल तर सिलिंडर फळीखाली आहे की आत जागा खातो ते पाहा, आणि भरलेली गाडी सीएनजीवर एकदा घाटात चढवून बघा. चढाला जोर कमी पडतो हे खरे आहे, पण वर्षाचा इंधनाचा खर्च पाहता शहरालगत फिरणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा.

पाचवी पायरी: वाट आणि मुक्काम

गाडी ज्या ठिकाणी शिरणार नाही तिथे ती निरुपयोगी. मुंबईत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात किंवा जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांपुढे दुपारी पिकअप उभी करून कपाट चढवणे म्हणजे मागे रांग लावणे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी तीच गत. लहान गाडीला इथे खरी किंमत येते.

प्रदर्शन हॉटेलच्या किंवा मोठ्या इमारतीच्या हॉलमध्ये असेल तर माल उतरवायला बऱ्याचदा तळघरातून जावे लागते, आणि तळघराच्या दारावर उंचीची मर्यादा लिहिलेली असते. सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर उंचीची इको बहुतेक ठिकाणी आत जाते. एसवर सहा फुटी कंटेनर बसवलात तर ती बाहेरच राहील आणि माल ढकलगाडीवरून उतारावरून न्यावा लागेल. ज्या चार-पाच ठिकाणी नेहमी जाता तिथल्या आयोजकांना दाराची उंची, सामानाच्या लिफ्टचे माप आणि माल उतरवण्याची वेळ आत्ताच विचारा, आणि त्यातल्या सर्वांत ठेंगण्या दारावरून बॉडीची उंची ठरवा.

रस्त्यांचेही तसेच. गोव्याला चोर्ला किंवा आंबोलीवरून, रत्नागिरीला आंबा घाटातून जाणाऱ्याने ब्रेक आणि वळणावरचा तोल पाहावा. उंच कंटेनर वळणावर झुकतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला, त्यामुळे विदर्भातला माल आणणे सोपे झाले आहे. पण त्या तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास एका वेगाने पळताना जुने टायर फुटतात. लहान चाकांच्या गाडीला लांब पल्ल्यासाठी टायर नवेच हवेत आणि हवा भारानुसार भरलेली हवी.

सहावी पायरी: घ्यायची की भाड्याने करायची

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजुतीपुरते आहेत, आपले आपण घाला. समजा हप्ता महिन्याला ११,००० रुपये, विमा-कर मिळून ३,००० आणि देखभाल-टायर २,०००, म्हणजे गाडी उभी असली तरी १६,००० जातात. दोन दिवसांच्या प्रदर्शनाला भाड्याचा टेम्पो येऊन-जाऊन ९,००० घेतो आणि स्वतःच्या गाडीचे इंधन-टोल ३,५०० होतात असे धरू. एका फेरीमागे ५,५०० वाचले. म्हणजे महिन्याला तीन फेऱ्या झाल्या तर गाडी स्वतःचा खर्च काढते. फेऱ्यांमध्ये खरेदीला गावोगाव जाणेही धरा, कारण भाड्याची गाडी घेऊन एखाद्या वाड्यावर ‘बघायला’ जाता येत नाही.

पैशापलीकडचाही एक फायदा आहे. भाड्याचा टेम्पो माल उतरवून निघून जातो. स्वतःची गाडी हॉलबाहेर उभी राहते, रिकामी खोकी आणि जादा माल तिच्यात राहतो, आणि शेवटच्या रात्री सगळे गाडीची वाट पाहत असताना तुम्ही निघालेले असता. वर्षाला आठ-दहा प्रदर्शने आणि तुरळक खरेदी असेल तर मात्र एखादा विश्वासू टेम्पोवाला धरा, त्याला आपला माल बांधायला शिकवा, आणि नेहमी त्यालाच बोलवा.

सातवी पायरी: नंबरप्लेट, परवाना, विमा

घरची सात आसनी गाडी घेऊन मागची आसने काढून माल भरण्याचा मोह होतो. तो आवरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. शिवाय याच कायद्याच्या व्याख्येत मालवाहतुकीसाठी न बनवलेली गाडीही माल वाहायला वापरली की मालवाहू गाडीत मोडू शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. नियमित धंद्यासाठी पिवळ्या पाटीची मालवाहू गाडीच घ्यावी.

तिचा जाच वाटतो तेवढा नाही. एकूण भारित वजन (गाडी आणि माल मिळून) ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ खालचा परमिट लागत नाही. इको, एस, सुपर कॅरी यात सहज येतात. पिकअपच्या मोठ्या आवृत्त्या या रेषेपलीकडे जातात, म्हणून घेण्याआधी कागदपत्रांतले वजन पाहा. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण करही पडतो. जादा भारासाठी, तसेच बॉडीबाहेर धोकादायक रीतीने माल लोंबकळत ठेवल्यास, केंद्रीय कायद्यात २०,००० रुपयांचा दंड आहे. ‘थोडेसेच बाहेर आलेय’ म्हणून पलंगाची दांडी मागे काढून नेऊ नका.

गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही. त्यासाठी अंतर्गत मालवाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा लागतो, त्याला सगळीकडे मरीन विमाच म्हणतात. त्यात ए, बी, सी असे तीन प्रकार आहेत. सी मध्ये आग आणि वीज, बी मध्ये त्याबरोबर टक्कर, गाडी उलटणे अशा नेमक्या गोष्टी, आणि ए मध्ये सर्वांत व्यापक संरक्षण. आपल्याला ए लागतो. जुन्या वस्तूची किंमत कंपनीशी आधी ठरवून पॉलिसीत लिहून घ्या, सोबत फोटोंची यादी जोडा. अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेली फूट मात्र ए मध्येही मिळत नाही. म्हणून माल बांधतानाचे फोटो काढून ठेवणे ही सवयच लावून घ्यावी.

मालाची कागदपत्रे

शंभर वर्षांवरच्या मूर्ती, चित्रे वगैरे पुरावशेष कायदा, १९७२ खाली येतात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. त्याची आणि नोंदणी प्रमाणपत्रांची प्रत गाडीत असावी. हस्तिदंत जडवलेली वस्तू, कितीही जुनी असो, व्यापारासाठी गाडीत चढवूच नका.

५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागतो, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. प्रदर्शनाला नेताना विक्री झालेली नसते, म्हणून बिलाऐवजी डिलिव्हरी चलन (माल पाठवल्याचा कागद) करायचे आणि ई-वे बिलात ‘प्रदर्शन’ हे कारण निवडायचे. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, ती मुक्कामाच्या हिशेबाने पाहा. परराज्यात जाऊन विकणार असाल तर तिथली जीएसटीची तात्पुरती नोंदणी निदान पाच दिवस आधी करावी लागते. हे आपल्या कर सल्लागाराशी बोलून ठेवा.

जुनी गाडी घेताना

आपण जुन्याचे जाणकार असलो तरी गाडीच्या बाबतीत मेकॅनिक बरोबर न्यावा. फळीवरची रबरी चटई उचलून पत्रा पाहा, खालून गंज पाहा. मासळी किंवा बर्फ वाहिलेली गाडी आपल्याला नको, कारण वासही जात नाही आणि ओलही. दारांची रबरे पाहा, गाडीवर नळीने पाणी सोडून आत बसा आणि कुठे ठिबकते का बघा. पाट्यांच्या स्प्रिंगला जादा पाटे घातलेले असतील, तर ती गाडी जादा भाराला वापरलेली आहे. थकीत ई-चलने, फिटनेसची तारीख, कर, आणि कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आतली तयारी आणि भरणी

फळीवर १२ मिमी प्लायवूड आणि वर जाड रबरी चटई बसवा. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या, कंबरेच्या आणि खांद्याच्या उंचीवर आडव्या लाकडी पट्ट्या आणि त्यांत दर फुटा-दीड फुटावर लोखंडी कड्या. रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे घ्या, पण ते थेट लाकडावर ओढू नका, मध्ये गोधडीची घडी हवी. जुन्या गोधड्या जितक्या मिळतील तितक्या गोळा करा. पॅकिंगला त्यांच्याइतके चांगले दुसरे काही नाही.

भरताना जड माल मागच्या चाकांच्या थोडा पुढे आणि खाली ठेवा. कपाटांची पाठ बाजूच्या पट्ट्यांना लावा, दारे कापडी पट्टीने बांधा, किल्ल्या काढून वेगळ्या पाकिटात नाव लिहून ठेवा. टेबलावरचा संगमरवर काढून उभा न्या, आडवा ठेवलात तर पहिल्या खड्ड्यात तडकतो. आरसे आणि काचेच्या फ्रेमाही उभ्या, गाडीच्या लांबीला समांतर, म्हणजे ब्रेक लागला की कडेवर जोर येतो, काचेवर नाही. लंबकाच्या घड्याळाचा लंबक काढूनच ठेवा. ग्रामोफोनचा कर्णा वेगळा, त्याच्या आत मऊ कापड, आणि त्यावर काहीही नाही. तबकड्या उभ्या, घट्ट, खोक्यात. झुंबराचे लोलक काढून मोजून पिशव्यांत, सांगाडा छतावरच्या कडीला लटकवलेला. घंगाळे आणि हंडे एकात एक घालताना मध्ये जाड कापड, नाहीतर जुनी झिलई ओरखड्यांनी जाते.

स्टॉलची टेबले आणि कापडे सर्वांत शेवटी, दाराशी. पोहोचल्यावर तीच आधी लागतात. निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा, कारण गोधड्या दबल्या की बांधणी सैल होते. रात्रीचा मुक्काम असेल तर गाडीचे मागचे दार भिंतीला टेकवून उभी करा आणि सरकत्या दाराला वेगळे कुलूप लावा.